दूधकट्ट्यावरचं महिला वर्ष

स्त्रियांच्या हक्कांसाठी मी आयुष्यात एकदाच लढलो आणि त्या लढ्यात मला म्हशीची लाथ बसली. लाथ डाव्या पोटरीवर बसली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पेठेत लोक अजूनही ती दुसरीकडेच बसल्याचं सांगतात.

पंचाहत्तर साल होतं. ते साल महिलांचं म्हणून जगभर जाहीर झालं होतं आणि ही बातमी फेब्रुवारीत कोल्हापूरला पोचली. मुंबईहून आमच्या पक्षाच्या कचेरीतून पत्र आलं: आठ मार्चला शाखेने महिलांच्या हक्कांसंबंधी एक ठोस व नावीन्यपूर्ण कार्यक्रम घ्यावा आणि छायाचित्रासह अहवाल पाठवावा. 'ठोस'च्या खाली एक रेघ होती, 'छायाचित्रासह'च्या खाली दोन. पक्षाचं नाव सांगत नाही. पुढे तो चार ठिकाणी फुटला आणि आता कुठला तुकडा रागावेल याचा नेम नाही.

आमची शाखा इकबालच्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानावर, माळ्यावर भरायची. इकबाल अध्यक्ष. तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि साधा चहा मागवतानाही भाषण करायचा. बाळासो तालमीतला, माणसं जमवणं आणि गरज पडल्यास पांगवणं हे त्याचं खातं. मी एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. माझं अक्षर वळणदार म्हणून मला प्रसिद्धी प्रमुख केलं होतं, म्हणजे बोर्ड मी रंगवायचे. माझी मतं कुणी विचारत नसे. तीही वळणदार होती, पण असो. महिलांचे हक्क मिळवायला निघालेल्या या शाखेत महिला सभासद एकही नव्हती. इकबालची बहीण सलमा बी.ए.ला होती, ती चहा घेऊन वर यायची आणि चहा संपल्यावरही थांबायची, एवढंच.

नावीन्यपूर्ण काय करायचं यावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत इकबालला कट्टा सुचला.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या पेठेत संध्याकाळी पाच वाजता दूधकट्टा भरतो. कट्ट्याच्या दर दगडाला एक लोखंडी कडी आहे, एकेका कडीला एकेका गवळ्याची म्हैस बांधलेली असते. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी धार काढतो आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास तिथल्या तिथे हातात देतो. तालमीतले पैलवान येतात, वकील येतात, रिक्षावाले येतात. बाई मात्र कट्ट्यावर उभी राहून दूध पिताना कुणी पाहिलेली नव्हती.

"हा अन्याय आहे," इकबाल म्हणाला.

तोपर्यंत तो अन्याय असल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, बायकांच्या तर मुळीच नाही. पण एकदा म्हटल्यावर सगळ्यांना तो स्पष्ट दिसू लागला. आठ मार्चला दहा महिला कट्ट्यावर जाहीरपणे दूध पिणार असं ठरलं. पक्षाच्या जिल्ह्याच्या महिला नेत्या पाहुण्या म्हणून येऊन पहिला ग्लास घेणार. मी त्याच क्षणी मनात अक्षरांची मांडणी करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तानाबाई माळ्यावर आली. शिडीसारख्या जिन्यावरून ती चढली आणि दारातच बसली. मागच्या गल्लीतली गवळ्याची बाई, वय पस्तिसेक. दिवाळी झाली आणि तिचा नवरा गेला.

"तुमी बायकांचं काय करताय म्हणं," ती म्हणाली. "मग माझं बी बगा. कट्ट्यावरचा तिसरा दगड आमचा हाय. मालक गेल्यापास्नं रिकामा पडलाय. पाडव्यापतोर रिकामा ऱ्हायला तर दुसऱ्याला देत्यात, तशी रीतच हाय. म्या म्हन्ती, मी हुबी ऱ्हाती म्हशीसंगट. तर समदी म्हन्त्यात, बाईमाणसानं पैलवानांच्या फुडं बसून धार काढायची न्हाय."

"कोण म्हणतं?" सलमाने विचारलं.

"दीरच म्हन्तोय. केरबा. त्याचा दगड पार गटारीच्या कडंला हाय, त्याला माझा पायजे. दगड गेला की मग म्हैस ठिऊन काय करू? इकावी लागंल. मग मी आन पोरी काय खाणार?"

मी ते वहीत उतरवून घेतलं. मुद्दा क्रमांक सात. इकबालने तिला आश्वासन दिलं, आणि त्याची आश्वासनं इतकी लांब असत की माणसाला काम झाल्यासारखंच वाटे. ती गेल्यावर सलमा म्हणाली, "भाईजान, हाच कार्यक्रम घ्या की."

"हा एका बाईचा वैयक्तिक प्रश्न आहे," इकबाल म्हणाला. "आपला तत्त्वाचा आहे."

मी मान डोलावली. मान डोलावण्याचं काम मी कायम चोख केलं आहे.

आता दहा महिला हव्या होत्या. बाळासो म्हणाला, ज्याने त्याने आपल्या घरापासून सुरुवात करावी. तो स्वतः बिनलग्नाचा होता. मी घरी जाऊन शालूला, म्हणजे माझ्या बायकोला, स्त्री-पुरुष समतेविषयी दहा मिनिटं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मला दूध आवडत नाही," ती म्हणाली.

"प्रश्न आवडीचा नाही, हक्काचा आहे."

"लहानपणापासून आवडत नाही. वासानं मळमळतं. आठ वर्षं झाली आपल्या लग्नाला, तुम्हाला ठाऊक नाही?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी ग्लास नुसता ओठाला लावायचा या बोलीवर ती तयार झाली. बदल्यात आठवडाभर पाणी मी भरायचं ठरलं. समतेची किंमत सर्वात आधी मी मोजली, याची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

शेजारी गणपतराव राहतात. जुन्या नगरपालिकेच्या जकात नाक्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. त्यामुळे परवानगीशिवाय जगात काही हलू शकतं यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी मला अंगणात गाठलं.

"मास्तर, पोलिसांची परवानगी काढलासा? आन आरोग्य खात्याची? उद्या एखाद्या बाईचं पोट बिघडलं तर केस कुणावर? आन जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पायजे. म्हैस आजारी असली तर?"

"पण कट्टा तर रोजच भरतो, गणपतराव."

"रोज भरतोय त्यो कट्टा. तुमी करताय त्यो कार्यक्रम."

यात काहीतरी तथ्य आहे असं वाटून मी पोलीस चौकीत गेलो. पिराजी हवालदारांनी अर्ज पुढ्यात ओढला. मोर्चा की सभा, हा पहिला रकाना. मी म्हणालो, दोन्ही नाही, दूध पिणार आहोत. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि 'सभा' लिहिलं. लाउडस्पीकर एक. वक्ते तीन. महिला दहा.

"आन म्हशी?"

"एखादी."

"ती सभंत हाय का बघणाऱ्यांत हाय?"

सभेत जनावर असेल तर अर्ज वेगळा, तो सर्कसवाल्यांचा असतो आणि वरून सही होऊन यायला महिना लागतो. शेवटी पिराजींनीच तोड काढली आणि म्हैस 'साहित्य' या रकान्यात टाकली. तिच्या वर दोन खुर्च्या होत्या आणि खाली एक टेबल.

खरी अडचण निराळीच निघाली. कट्ट्यावरचा एकही गवळी बायकांना दूध द्यायला तयार होईना. एकाचे रतीब लागलेले, दुसऱ्याची म्हैस भाकड, तिसरा नुसताच तंबाखू मळत बसला. या सगळ्यांच्या मागे केरबा आहे हे बाळासोने शोधून काढलं आणि आम्ही तिघे त्याच्याकडे गेलो. केरबा म्हणजे मिशांना पीळ, डोक्याला पटका आणि आवाज असा की पलीकडच्या पेठेत ऐकू जावा.

"देतो की दूध," तो म्हणाला. "पावण्या बाई यिऊ देत न्हायतर त्यांची आई यिऊ दे. पर आमच्या वैनीला तुमी डोस्क्यावर घेऊ नगा. बायका दूध पितील, पिऊ देत. धार काढायला कट्ट्यावर बाई बसणार न्हाय, असं लिवून द्या. घरातलं भांडण हाय, घरात मिटवू."

इकबालने मला बाजूला घेतलं. आठ तारीख चार दिवसांवर आली होती, पाहुण्या बाईंचा होकार आला होता, फोटोग्राफर ठरला होता. "हा तात्पुरता समझोता आहे," तो म्हणाला. "तत्त्व शाबूत राहतं." मग केरबाच्या ओट्यावर बसून मी माझ्या सर्वात सुबक अक्षरात लिहिलं: धार काढण्याचे काम परंपरेप्रमाणे पुरुषांकडेच राहील व मुद्दा क्रमांक सात शाखा मागे घेत आहे. खाली इकबालने सही केली, साक्षीदार म्हणून मी. अक्षर इतकं छान उतरलं होतं की केरबा तो कागद दुधाबरोबर घरोघर दाखवत फिरला.

सलमाने त्या दिवशी चहा आणला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आतून वाईट वाटत होतं, पण बोर्ड रंगवायचे राहिले होते, तेव्हा मी ते रंगवत बसलो.

आठ मार्चला शनिवार होता. कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाळासोने माणसं जमवली होती, ती सगळी पुरुष होती. तालीम लंगोटासकट रिकामी झाली होती. दहांपैकी सात महिला आल्या आणि एका ओळीत उभ्या राहिल्या. शालू टोकाला, नाकाला पदर लावून. पाहुण्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, समोर टेबलावर त्यांच्यासाठी आणलेलं लुगडं आणि नारळ. आणि पाच वाजता केरबा म्हैस घेऊन आला. ती थेट तिसऱ्या दगडाच्या कडीला त्याने बांधली.

"ही तर तानाबाईची म्हैस," सलमा माझ्या मागून म्हणाली. ती आली आहे हे मला तेव्हा कळलं.

केरबाचा डाव मग माझ्याही डोक्यात शिरला. सगळ्या पेठेसमोर, लाउडस्पीकर लावून, पोलिसांच्या परवानगीने तो तिसऱ्या दगडावर उभा राहिला होता. पाडव्याला आता वेगळं काही सांगायची गरजच उरली नसती. आणि त्याच्या डोक्यावर मी रंगवलेला बोर्ड होता: जागतिक महिला वर्षाचा विजय असो.

इकबालचं भाषण झालं. केरबाने कास धुतली, चरवी गुडघ्यात धरली आणि सड ओढले. काही आलं नाही. त्याने पुढ्यात पेंडीची पाटी सरकवली. म्हशीने पेंड खाल्ली, पण दूध दिलं नाही. मग मान लांब करून तिने कट्ट्याच्या भिंतीवरची माझी जाहिरात चाटायला सुरुवात केली. जाहिराती मी गव्हाच्या खळीने चिकटवल्या होत्या. 'समता' तिने मुळापासून खाल्ली.

"पान्हा चोरतीया," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे पाठीवर थाप मारा, कुणी म्हणे घोषणा थांबवा, एक पैलवान म्हणाला मीच ओढून बघतो. पाहुण्या बाई रिकामा ग्लास घेऊन उभ्या होत्या, कारण फोटोग्राफरने त्यांना तसंच थांबायला सांगितलं होतं. गणपतराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, "डॉक्टरचा दाखला काढा म्हटलं हुतं."

शेवटी पिराजी हवालदार पुढे झाले. ते खेड्यातले, घरी जनावरं असलेले. "त्या म्हशीला बाईच्या हाताची सवय हाय," ते म्हणाले. "केरबा, लुगडं पांघर. आमच्या गावाकडं असंच करत्यात. बाईच हाय म्हणून देती ती."

लुगडं एकच होतं, टेबलावरचं, पाहुण्या बाईंचं. त्यांनी मोठ्या मनाने ते दिलं. केरबाने आधी नकार दिला. पण चारशे माणसं बघत होती आणि तिसरा दगड सोडून उठणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं, पदर दातात धरला आणि पुन्हा बसला. बाई कट्ट्यावर बसणार नाही असं ज्याने माझ्याकडून लिहून घेतलं होतं, तो मिशांवर पदर ओढून धार काढत होता. पैलवानांत हसण्याची लाट उठली. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला.

म्हशीने एकदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं. तिची फसगत झाली नव्हती. तिने पाय झाडला, केरबा चपळ होता म्हणून सरकला आणि मागे बोर्ड धरून मी उभा होतो. पुढचं वर सांगितलंच आहे.

"तानाबाईला बोलवा," सलमा म्हणाली. हे ती मघापासून म्हणत होती, पण आता लाउडस्पीकर बंद असल्यामुळे ऐकू आलं. कुणी जायचं? कागद ज्याने लिहिला त्याने जावं, असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी बोर्ड काखेत तसाच धरून लंगडत मागच्या गल्लीत गेलो.

तानाबाई उंबऱ्यावर बसली होती. हातपाय धुतलेले, पदर खोचलेला.

"केरबानं त्यो कागुद दावून म्हैस न्हेली तवाच ठावं हुतं, कुणीतरी येणार," ती म्हणाली. "मालक गेल्यावर चार दिस तिनं माझ्या हाताला बी थेंब दिला न्हवता. तिच्यापाशी बसून रडले, तवा दिली तिनं. केरबाला काय देती?"

"चला ना मग. लोक थांबलेत."

"मी कशी यीन? म्या यायचं न्हाय असं तुमीच लिवलंय की मास्तर. सलमानं वाचून दावलं मला. अक्षर लई झ्याक हाय म्हणाली."

शाळेत आणि शाखेत माझे पुष्कळ अपमान झाले आहेत, पण असा झाला नव्हता. तिने आवाजही चढवला नव्हता. मला लाज वाटली. खोटी नाही, खरी. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मग दुसरं लिवा."

कागद नव्हता. मी बोर्ड पालथा टाकला. तिच्या चुलीतला कोळसा घेतला आणि उकिडवं बसून, ठणकत्या पोटरीने, ती सांगेल तसं लिहिलं: तिसरा दगड तानाबाईचा. उद्यापण. कायम. अक्षरं एकावर एक चढली, ओळ डोंगर उतरल्यासारखी खाली गेली. तिने ते उचललं आणि पुढे चालू लागली.

कट्ट्यावर तिने बोर्ड सगळ्यांना दिसेल असा भिंतीला टेकवला, कोळशाची बाजू पुढे करून. सलमाने लाउडस्पीकर पुन्हा सुरू करायला लावला, माईकवरून तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "केरबामामा, कबूल?" केरबा अजून लुगड्यात होता. त्या अवस्थेत माणूस फार वाद घालू शकत नाही. शिवाय पिराजी हवालदार म्हणाले की सभेला सहापर्यंतचीच परवानगी आहे आणि पावणेसहा झालेत. पैलवानांनाही दूध हवं होतं. केरबाने लुगडं काढलं, घडी घातली आणि कोळसा घेऊन बोर्डावर अंगठा उमटवला.

तानाबाई बसली. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटली. पहिली धार तिने जमिनीला दिली. मग चरवीत असा आवाज सुरू झाला की मागचे पैलवानही टाचा उंचावून बघू लागले. पाहुण्या बाईंना ग्लास मिळाला, ओळीतल्या सगळ्यांना मिळाला. शालूने ग्लास ओठाला लावला, थोडी थांबली आणि अर्धा प्यायली. घरी गेल्यावर पाणी भरलं.

फोटो एकच नीट आला. स्थानिक पेपरात तो छापला: दूधकट्ट्यावर धार काढताना एक भगिनी. मिशा पदराआड गेल्या होत्या. इकबालने तोच अहवालाला जोडला. मुंबईहून पत्र आलं की कष्टकरी भगिनींना पुढे आणल्याबद्दल शाखेचं अभिनंदन, आणि फोटोतल्या भगिनीला पुढच्या मेळाव्यात बोलतं करावं. केरबाला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाडवा झाला. तिसऱ्या दगडापुढे नारळ तानाबाईने फोडला आणि कुणी हरकत घेतली नाही. त्यानंतर एका संध्याकाळी मी तिथे गेलो. बोर्ड तिच्या मागे भिंतीवर खिळ्याने ठोकलेला होता. माझी लाल-निळ्या रंगातली, दोन रात्री जागून काढलेली सुंदर अक्षरं भिंतीकडे तोंड करून होती आणि आयुष्यातलं माझं सर्वात गचाळ अक्षर सगळ्या पेठेसमोर. ड्रॉइंग मास्तरला हे सहन होण्यासारखं नाही. मी म्हणालो, "तानाबाई, तो बोर्ड द्या मला. ऑइलपेंटमध्ये नीट रंगवून देतो. चांगल्या अक्षरात."

तिने चरवीवरून मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुमचं चांगलं अक्षर एकदा बगितलंय की, मास्तर."

माझ्यापुढे पाच-सहा बायका तांबे घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे रांगेत उभा राहिलो.